मेलबर्नची पिन ओक कोर्ट, म्हणजे ‘नेबर्स’मधली रॅमझी स्ट्रीट: जाऊन बघावी का?

आधी निकाल सांगून टाकते. ज्यांनी ‘नेबर्स’ ही मालिका थोडीफार तरी बघितलीये त्यांनी मेलबर्नला आल्यावर इथे जायलाच पाहिजे, आणि ज्यांनी एकही भाग बघितला नाहीये त्यांनी तो अर्धा दिवस खुशाल डँडेनाँगच्या डोंगरात घालवावा, कारण इथे बघायला म्हणून जे आहे ते म्हणजे एक छोटा रस्ता जो पुढे जाऊन गोल वळसा घेऊन संपतो, त्याच्या कडेने विटांची साधी घरं, लॉन, गॅरेज, लेटरबॉक्स. बस एवढंच. तिकीट नाही, गेट नाही, दुकान नाही, माहितीचा फलक नाही. पण ज्याच्या डोक्यात ती गल्ली आधीपासून आहे त्याला तिथे उभं राहिल्यावर जे होतं ते मी आमच्या घरच्याच माणसाच्या चेहऱ्यावर बघितलंय, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

इकडच्या नव्या लोकांसाठी मालिकेबद्दल थोडं सांगते. ‘नेबर्स’ १८ मार्च १९८५ ला ऑस्ट्रेलियात सेव्हन नेटवर्कवर सुरू झाली, रेग वॉटसन नावाच्या माणसाची कल्पना. सेव्हनने त्याच वर्षी ती बंद करून टाकली होती, मग टेन नेटवर्कने उचलली आणि १९८६ च्या जानेवारीपासून पुन्हा सुरू झाली ती २०२२ पर्यंत चालली, म्हणजे जवळपास नऊ हजार भाग! एरिन्सबरो नावाचं एक काल्पनिक उपनगर, त्यात रॅमझी स्ट्रीट नावाची गल्ली, २२ पासून ३२ पर्यंत सम आकड्यांची सहा घरं आणि त्यात राहणारी कुटुंबं, एवढ्यावर सगळा डोलारा. कायली मिनोग, जेसन डोनोवन, गाय पिअर्स, मार्गो रॉबी ही सगळी मंडळी इथूनच पुढे गेलीत. पण गंमत अशी की स्वतःच्या देशापेक्षा ही मालिका इंग्लंडात जास्त चालली. बीबीसीने १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये ती दुपारी दाखवायला सुरुवात केली, आणि मग १९८८ पासून संध्याकाळी ५:३५ ला आणली. त्यामागची गोष्ट अशी सांगतात की चॅनेलचे तेव्हाचे मोठे अधिकारी मायकेल ग्रेड ह्यांच्या मुलीलाच शाळेमुळे दुपारचा भाग बघता येत नव्हता, तिने घरी तक्रार केली. तेव्हापासून शाळेतून आलेली पोरं आणि स्वयंपाकाला लागलेल्या आया सगळे एकत्र बघायला लागले आणि स्कॉट-शार्लिनच्या, म्हणजे जेसन आणि कायलीच्या पात्रांच्या, लग्नाचा भाग तिकडे १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये लागला तेव्हा सुमारे दोन कोटी लोकांनी तो बघितला.

आता आमच्या ताईंचं. ताई म्हणजे माझी मोठी नणंद, लग्न होऊन साताऱ्याहून थेट लेस्टरला गेल्या, नव्वदच्या दशकात. भाऊजी कामावर, घरात दुसरं कोणी नाही, बाहेर चार वाजता अंधार पडतो आणि लोक बोलतात ते इंग्लिश कळत नाही, शाळेत शिकलेलं इंग्लिश तिथे काही उपयोगाचं नव्हतं. शेजारी एक गुजराती मावशी राहायच्या, त्या रोज संध्याकाळी ह्यांना बोलावून घ्यायच्या आणि दोघी चहा घेत ‘नेबर्स’ बघायच्या. ताई सांगतात की मला दुकानात बोलायचं कसं, शेजाऱ्याला नाही कसं म्हणायचं, रागावलं तरी आवाज कसा खाली ठेवायचा हे सगळं मी सुझन केनेडीकडून शिकले. सुझन आणि डॉक्टर कार्ल केनेडी हे जोडपं १९९४ मध्ये मालिकेत आलं आणि ताई तिकडे गेल्या तेव्हा तेही त्या गल्लीत तसे नवेच होते, त्यामुळे ताईंना ते आपल्याबरोबरचेच वाटायचे. दुधावरून पाय घसरून सुझनची स्मृती गेली तो भाग, टोडी आणि डीची गाडी लग्नानंतर लगेच कड्यावरून समुद्रात गेली तो भाग, हे ताई असे सांगतात जसं काही आपल्याच नात्यातल्या कोणाचं झालंय. त्यामुळे त्या मेलबर्नला आमच्याकडे यायच्या ठरल्या तेव्हा फोनवरच म्हणाल्या, “अगं, ते ग्रेट ओशन रोड वगैरे तुम्ही म्हणाल तेव्हा जाऊ, पण मला आधी रॅमझी स्ट्रीटला ने.”

जायचं कसं ते सांगते कारण ह्यात लोकांचा गोंधळ होतो. रॅमझी स्ट्रीट मॅपवर शोधू नका, खरा पत्ता पिन ओक कोर्ट, व्हर्मांट साउथ. वीडन ड्राइव्ह नावाच्या रस्त्यावरून आत वळतं. सिटीतून पूर्वेला बऱ्यापैकी लांब आहे. गाडी नसेल तर ७५ नंबरची ट्राम घ्या, ती फ्लिंडर्स स्ट्रीटवरून निघून रिचमंड, हॉथॉर्न, कॅम्बरवेल करत बरवुड हायवेवरून पार व्हर्मांट साउथपर्यंत जाते. एक तास तरी धरून चाला, वर जरा जास्तच. पण मला विचाराल तर ट्रामनेच जावं, कारण खिडकीतून मेलबर्न कसं हळूहळू बदलत जातं ते दिसतं, आधी जुनी चिकटून चिकटून असलेली घरं, मग दुकानं, मग बरवुडला डीकिन युनिव्हर्सिटी लागते (इथे अर्धी ट्राम आपल्या मुलांनी भरते, मराठी कानावर पडलं नाही असं क्वचितच होतं), आणि मग हायवे रुंद होतो, घरं लांब लांब जातात आणि प्रत्येकाच्या पुढे लॉन दिसायला लागतं. तेव्हा समजायचं की आता एरिन्सबरो आलं. शेवटच्या काही स्टॉपपैकी एका ठिकाणी उतरून मॅप लावायचा आणि आतल्या रस्त्यांनी चालत जायचं. मायकी कार्डात (म्हणजे इथल्या ट्राम-रेल्वेच्या प्रवासाच्या कार्डात) पैसे आहेत ना ते सिटीतच बघून घ्या, सिटीतला फ्री ट्राम झोन इथपर्यंत नसतो, आणि चेकर ह्या रूटवर असतात.

गाडीने जाणार असाल तर एक गोष्ट नीट ऐका. वीडन ड्राइव्हवरच वीडन हाइट्स प्रायमरी स्कूल आहे, त्यामुळे सकाळी शाळा भरताना आणि दुपारी सुटताना तिथे ४० चं लिमिट असतं आणि आईबाबांच्या गाड्यांची रांग असते. त्या वेळेला जाऊन गल्लीत गाडी घुसवणं म्हणजे तिथे राहणाऱ्यांना स्वतःच्या घरात शिरायला त्रास. गाडी बाहेरच्या रस्त्यावर लावा आणि चार पावलं चालत आत जा. साडेदहा-अकराची वेळ सगळ्यात चांगली. ऊनही चांगलं असतं, फोटो चांगले येतात आणि कोणाच्या अध्येमध्ये येत नाही आपण.

आता प्रत्यक्ष गल्ली. वळून आत गेल्यावर पहिली गोष्ट काय वाटते तर ती लहान आहे. टीव्हीवर ती केवढी मोठी वाटायची, माणसं बोलत बोलत ह्या घरातून त्या घरात जायची आणि तेवढ्यात अख्खा सीन व्हायचा, आणि इथे बघावं तर दोन मिनिटांत टोकाला पोचून परत. ताई कोपऱ्यावरच थांबल्या. पुढे येईचनात. मला वाटलं दमल्या असतील, पण त्या मान वळवून एकेक घर मोजत होत्या, हे केनेडींचं २८, तिकडे ३० टोडीचं, हे २६ रॉबिन्सनांचं, आणि बोटाने दाखवत होत्या पण अगदी हळू आवाजात, जसं दुपारी कोणाकडे झोपले असतील तर आपण बोलतो तसं. घरं सत्तरच्या दशकाच्या बांधणीची आहेत, विटांची, उतरत्या छपराची, काही बैठी काही वर मजला असलेली, इथे पूर्व मेलबर्नमध्ये अशा घरांच्या गल्ल्या शेकड्याने सापडतील. आणि माझ्या मते तीच ह्या जागेची खासियत आहे. ती निवडली गेली ती वेगळी होती म्हणून नाही, कोणाचीही असू शकेल अशी होती म्हणून.

आम्ही गेलो तो कचऱ्याचा दिवस होता. प्रत्येक घरापुढे नेचर स्ट्रिपवर म्हणजे फुटपाथ आणि रस्त्याच्या मधल्या त्या गवताच्या पट्ट्यावर झाकणाच्या व्हीली बिन्स ओळीने लावलेल्या. एका बिनचं झाकण नीट बसत नव्हतं इतकी ती भरलेली, वर पिझ्झ्याचा खोका दुमडून कोंबलेला. एका घराच्या ड्राइव्हवेत मुलाची छोटी सायकल आडवी पडलेली आणि शेजारी पाण्याचा पाइप गुंडाळून ठेवलेला. ताई त्या सायकलकडे बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे इथे खरंच राहतात गं लोक.” हो, राहतात. सगळ्या घरांत खरी कुटुंबं राहतात, पहिल्यापासून. मालिकावाल्यांनी घरांचा फक्त बाहेरचा भाग वापरला आणि त्याचा मोबदला घरमालकांना मिळत आला. बाकी पायरीवरची कुंडी, खिडकीतला पडदा, धुतलेले बूट, सगळं त्यांचं स्वतःचं.

आतलं काहीच इथलं नाही हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं आणि मग ते खिडकीतून डोकावायला बघतात, म्हणून सांगतेय. केनेडींचं स्वयंपाकघर, टोडीचा हॉल, हे सगळे सेट इथून जवळच नुनावाडिंगच्या स्टुडिओत होते, जो खरं तर फॉरेस्ट हिलमध्ये येतो. घरांच्या मागची अंगणंसुद्धा तिथेच बांधलेली! म्हणजे पात्र पुढच्या दाराने आत शिरलं ते व्हर्मांट साउथला आणि मागच्या दाराने अंगणात आलं ते स्टुडिओच्या आवारात. लॅसिटर्स हॉटेल, समोरचं तळं, हॅरोल्ड्सचा कॅफे, तेही तिकडेच. ह्याच स्टुडिओत त्याआधी ‘प्रिझनर’ ही बायकांच्या तुरुंगावरची मालिका झाली होती. तर कोणाच्या खिडकीतून आत बघितलंत तरी तुम्हाला सुझनचं किचन दिसणार नाहीये, दुसऱ्याच कोणाचा तरी सोफा दिसेल आणि तो माणूस तुमच्याकडे बघत असेल.

शूटिंग चालू असतानाही मी एकदा गेले होते, ताईंच्या आधी, आमच्या ऑफिसमधल्या एका ब्रिटिश मैत्रिणीला घेऊन. तो अनुभव वेगळाच. बाहेरच्या रस्त्यावर मोठे ट्रक, केबलची भेंडोळी, कोपऱ्यावर पिवळ्या जॅकेटातला सिक्युरिटीचा माणूस, आणि पिन ओक कोर्टच्या ऐवजी रॅमझी स्ट्रीटची पाटी. ही पाटी शूटिंगपुरतीच लावायचे, एरवी नसायची, त्यामुळे पाटीबरोबर फोटो काढायच्या आशेने कोणी जाऊ नका. एका दाराशी दोन कलाकार उभे, संवाद अगदी छोटा, दोन-तीन वाक्यांचा, आणि तोच परत परत. एकदा मॅगपाय पक्षी मध्येच ओरडला, एकदा मागच्या गल्लीत कोणीतरी गवत कापायचं मशीन सुरू केलं, एकदा ऊन ढगाआड गेलं. प्रत्येक वेळी सगळे शांतपणे परत आपापल्या जागेवर. कोणी चिडलं नाही. तेवढ्यात तिथलीच एक बाई गाडीतून सामान घेऊन आली, सिक्युरिटीवाल्याने हात वर केला, तिने गाडी थांबवून खिडकी खाली केली, कट झाल्यावर तो बाजूला झाला आणि ती सरळ आपल्या घरी गेली. किती वर्षांची सवय असेल ह्यामागे! आमच्याकडे सोसायटीत कोणी हॉलमध्ये वाढदिवस केला तरी पार्किंगवरून भांडणं होतात, इथे लोकांनी पस्तीसेक वर्षं आपल्या दारात कॅमेरे येऊ दिलेत, मला त्या कुटुंबांबद्दल फार आदर वाटतो.

आणि म्हणूनच बघायला जाणाऱ्यांबद्दल थोडं स्पष्ट बोलायचंय. बहुतेक लोक छान वागतात. पण मी असेही बघितलेत जे कोणाच्या लेटरबॉक्सला टेकून फोटो काढतात, ड्राइव्हवेमधून दारापर्यंत चालत जातात, एकाने तर बेल वाजवून पळ काढला, चाळिशीचा माणूस! फुटपाथ आणि रस्ता सगळ्यांचा आहे, तिथे उभं राहायला कोणी अडवणार नाही, पण ड्राइव्हवे आणि लॉन ही कोणाची तरी खासगी जागा आहे, पाय ठेवायचा नाही म्हणजे नाही. ड्रोन उडवू नका. माणसांचे, मुलांचे, गाड्यांच्या नंबरप्लेटचे फोटो काढून टाकू नका. जोरात टायटल साँग वाजवू नका, तिथल्या लोकांनी ते आयुष्यभर ऐकलंय. एका टूरची बस मी बघितली होती (नाव घेत नाही), त्यांनी लोकांना उतरवलं, पटापट फोटो काढायला लावले, गाइड सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलत होता आणि पंधरा-वीस मिनिटांत सगळे परत बसमध्ये. पैसे देऊन गेलेल्यांनाही काही बघायला मिळालं नाही आणि राहणाऱ्यांनाही ताप. टूर घ्यायचीच असेल तर आधी विचारून घ्या की गल्लीत किती वेळ देणार आणि ग्रुप केवढा असेल. पण खरं सांगते, गरज नाहीये. आपले आपण गेलेलं कधीही चांगलं.

हे आपल्याकडेही घडलेलं आहेच की. ‘रात्रीस खेळ चाले’ लागायची तेव्हा सिंधुदुर्गात आकेरीला त्या वाड्यासमोर गाड्या लागायच्या, ‘तुझ्यात जीव रंगला’च्या वेळी कोल्हापूरजवळ वसगड्याला लोक राणादाचा वाडा बघायला यायचे. प्रेमानेच येतात सगळे, त्यात वाईट काही नाही. मात्र गोरेगावच्या फिल्मसिटीत गोकुळधाम सोसायटी बघायला जाणं वेगळं, तो सेट आहे, रात्री तिथे कोणी जेवत नाही की झोपत नाही. जिथे खरंच चूल पेटते तिथे पाहुण्यासारखं जायचं, पाहुणा बोलावल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही.

एक विषय ताईंबरोबर तिथेच निघाला तो इथे लिहिते, कारण आपल्या लोकांना तो जवळचा आहे. ताई म्हणाल्या की इतकी वर्षं मी बघितलं पण ह्या गल्लीत आपल्यासारखं कोणी राहायला आलंच नाही फार काळ. बरोबर आहे. खऱ्या व्हर्मांट साउथमध्ये आणि शेजारच्या ग्लेन वेव्हर्लीत चिनी, भारतीय, श्रीलंकन कुटुंबं किती वर्षांपासून आहेत, पण रॅमझी स्ट्रीटवर कपूर कुटुंब आलं ते २०११-१२ मध्ये. अजय, प्रिया आणि त्यांची मुलगी राणी. २००९ मध्ये इथे भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले होते, ते वातावरण अजून विसरलं नव्हतं कोणी, आणि कपूर येणार म्हटल्यावर इंटरनेटवर इतक्या घाणेरड्या कॉमेंट्स आल्या की मालिकावाल्यांना त्या काढाव्या लागल्या. पुढे दीपी रिबेकी हे पात्र आलं, चांगलं भरीव पात्र, ते करणाऱ्या शॅरन जोहल ह्यांनी २०२१ मध्ये उघडपणे सांगितलं की सेटवर त्यांना वर्णद्वेष सोसावा लागला. हे सगळं माहीत असूनही आम्ही त्या गल्लीवर प्रेम करतो, आणि प्रेम करतो म्हणूनच ते बोलायला पाहिजे असं मला वाटतं. २०२३ मध्ये मालिका परत आली तेव्हा त्यात हॅझ देवकर नावाचा तरुण होता, शिव पालेकर ह्यांनी केलेला. देवकर! पालेकर! ताईंनी लेस्टरहून मला रात्री मेसेज केला होता, नुसतं आडनाव आणि पुढे उद्गारचिन्हं. ज्या गल्लीने त्यांना परक्या देशात बोलायला शिकवलं, तिथे शेवटी एक देवकर राहायला आला, तर आनंद होणारच ना.

परत कशी आली तेही सांगते. २०२२ च्या सुरुवातीला ब्रिटनच्या चॅनेल फाइव्हने (बीबीसीकडून २००८ मध्ये मालिका त्यांच्याकडे गेली होती) घ्यायचं थांबवलं, आणि खर्चाचा मोठा भाग तिकडच्याच पैशावर चालायचा म्हणून सगळंच बंद पडलं. २८ जुलै २०२२ ला शेवटचा भाग, कायली आणि जेसन दोघंही त्यासाठी ह्याच गल्लीत परत आले. पण काही महिन्यांतच ॲमेझॉनने ती उचलली, १८ सप्टेंबर २०२३ पासून पुन्हा सुरू. मग २०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा जाहीर झालं की थांबतेय, आणि डिसेंबर २०२५ ला ती दुसऱ्यांदा संपली. त्यामुळे आता कोणी शूटिंग बघायला मिळेल ह्या आशेने जाऊ नका. ट्रक नाहीत, पाटी नाही, पिवळ्या जॅकेटवाला नाही. कोणी म्हणेल मग आता काय बघायला जायचं? माझं मत उलट आहे. शूटिंगच्या दिवशी आपण दोरीमागे उभे असायचो आणि सगळं लक्ष कलाकारांकडे. आता गल्ली पूर्ण शांत असते, आपल्या आठवणीतला सीन आणि समोरचं घर हे दोन्ही निवांत जुळवून बघता येतं. फक्त एक, आता मालिकेकडून राखण करणारं कोणी नाही, म्हणजे तिथे नीट वागायची जबाबदारी सगळी आपल्यावर.

ताईंनी एकच फोटो काढून घेतला. रस्त्याच्या मधोमध नाही, फुटपाथवर उभं राहून, २८ नंबरचं घर मागे दुरून दिसेल असा, आणि तो लगेच त्या गुजराती मावशींच्या मुलीला पाठवला, मावशी आता थकल्यात म्हणून. तेवढ्यात कुत्रा फिरवायला निघालेले एक आजोबा आम्हाला गुड मॉर्निंग म्हणून गेले, कुठून आलात विचारलं. लेस्टर म्हटल्यावर हसले, म्हणाले इथे इंग्लंडहूनच सगळ्यात जास्त लोक येतात. ताईंनी त्यांच्याशी हवापाण्यावर, कुत्र्यावर, बागेतल्या गुलाबांवर आरामात गप्पा मारल्या. मी बाजूला उभी राहून ऐकत होते.

बाकी सोयी म्हणाल तर गल्लीत टॉयलेट नाही, बसायला बाक नाही, सावलीही बेताचीच. उन्हाळ्यात टोपी आणि पाणी घ्या. ट्रामच्या शेवटच्या टोकाला शॉपिंग सेंटर आहे तिथे टॉयलेट, कॉफी, सुपरमार्केट सगळं मिळतं, त्यामुळे आधी तिथे जाऊन मग गल्लीत जा. जेवायला मात्र ग्लेन वेव्हर्लीला किंग्जवेवर या, गाडीने जवळच आहे, चिनी, मलेशियन, भारतीय, हवं ते आहे, आणि संध्याकाळी तिथून रेल्वेने सिटीत परत जाता येतं. कायलीची फार फॅन असाल तर शार्लिनचा तो मेकॅनिकचा डंगरीवाला ड्रेस आर्ट्स सेंटर मेलबर्नच्या संग्रहात आहे, पण तो प्रत्येक वेळी मांडलेला असेलच असं नाही, आधी चौकशी करून जा.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कमी तो एवढ्याचसाठी की माहिती सांगणारी एखादी छोटी पाटी निदान बाहेरच्या शॉपिंग सेंटरजवळ तरी लावायला हवी होती, म्हणजे लोक तिथे फोटो काढतील आणि घरांपुढची गर्दी कमी होईल. कौन्सिलने हे मनावर घ्यावं असं फार वाटतं. आणि लहान मुलांना घेऊन जाणार असाल तर जवळच बेलबर्ड डेल नावाचं निलगिरीच्या झाडांचं छान राखीव रान आहे, चालायला वाट आहे, भरपूर पक्षी आहेत, मुलांना आधी तिथे तासभर मनसोक्त पळू द्या आणि मग गल्लीत आणा, दमलेली मुलं हात धरून फुटपाथवरून नीट चालतात.